मुगलान

नाव?
उज्याली.
मी उज्वला लिहिलं. पवित्रानं मान हलवली, नाही.
रजिस्टरात खाडाखोड चालत नाही,
सुपरवायझर बाई ओरडतात. तरी खोडलं.
वय: तीन पूर्ण.
वजन: अकरा किलो दोनशे,
काट्याची दोरी दोन्ही मुठीत, खाली बघेचना.
जन्मगाव?
तिनं सांगितलं ते मला तीनदा ऐकू आलं
आणि तिन्ही वेळा वेगळं.

मोबाईलमधल्या ॲपला आधारचा नंबर पाहिजे.
नंबर नाही म्हटल्यावर ते पुढे सरकत नाही,
बिघडलेल्या एसटीसारखं जागेवर थरथरतं.
मग रजिस्टरच्या मागच्या पानावर, पेन्सिलनं:
उज्याली घर्ती. बाप जिनिंगवर चौकीदार.
खोली सरकीच्या गोदामामागं, खिडकी एक.
खिचडी सत्तावीस जणांची शिजते.
सत्तावीस आणि अठ्ठावीस यांच्यात
मूठभर मुगाचा फरक.

महिनाभर पोरगी आईच्या ओढणीत गुंडाळलेली.
मग एक दिवस सुजलनं तिच्या हातचं संत्रं ओढलं
आणि ही खणखणीत म्हणाली,
'काऊन बे?'
सगळी अंगणवाडी हसली.
दारात उभ्या पवित्रानं मला हळूच विचारलं,
दीदी, काऊन मतलब?
तेव्हापासून त्या घरात भाषा
लेकीकडून आईकडे चढते.

तिला भाकर शिकवत होते.
तिची पहिली भाकर तव्यावर जाईपर्यंत
चार भाकरी झाली.
तुकडे गोळा करता करता ती म्हणाली,
आमच्याकडं म्हातारे या देशाला मुगलान म्हणतात.
मुगलानात गेला, म्हणजे
पैसे येतील, माणसाचं सांगता येत नाही.

मी हसले. मग हातातली परात तशीच राहिली.
मी पैनगंगेपलीकडची. लग्न होऊन इकडे आले
तेव्हा पारावरचे म्हातारे म्हणायचे,
मोगलाईची सून आली.
फक्त बारा कोस आले होते मी.
माझ्या बोलण्यावर इथल्या बाया दोन वर्षं हसल्या,
दोन वर्षं मी विहिरीवर मुकी.
हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.
निम्मं तिला कळलं नाही,
म्हणून तर सांगता आलं.

चैत्रात जिनिंग बंद झालं.
सहा महिने दिवसरात्र घरघर,
भुरकट कापूस केसांत, डाळीत, पाण्याच्या हंड्यात,
आणि एका संध्याकाळी एकदम काही नाही.
त्या रात्रीपासून उज्याली झोपेना.
ताप नाही. जंत नाही. पोट मऊ.
पंचफुलाबाईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या,
त्या तडतडल्या, पोरगी टक्क जागी.
चौथ्या दिवशी पवित्रा म्हणाली,
तिकडं घराखाली नदी होती, रात्रभर ओरडायची.
ही त्या आवाजात जन्मली.
मला वाटलं, मशीन थांबलं, आता तरी नीट झोपेल.

नदी इथंही आहे. पण कोणत्या तोंडानं दाखवू?
या दिवसांत पैनगंगा म्हणजे वाळू,
वाळूत झिरा, झिऱ्यात तांब्याभर पाणी,
आणि त्या पाण्याला आवाज नसतो.

दुसऱ्या दिवशी घरून सूप नेलं आणि पायलीभर तूर.
असं, म्हटलं. वर झोक, मग आपल्याकडं ओढ,
दाणे घसरू दे.
तिनं एकदा केलं. दोनदा केलं.
मग डोळे मिटून केलं.

ती तूर केव्हाच स्वच्छ झाली.
एक खडा नाही, एक फोलपट नाही.
उकाड्यानं आम्ही अंगणात बाजा टाकतो.
वारा जिनिंगकडून असला की अकराच्या पुढं
आधी चौकीदाराची शिट्टी येते, लांब,
मग सूप:
सर्र. सर्र. सर्र.
मधेच थांबतं. हात भरून येत असतील.
आणि झोपेनं जड झालेला एक आवाज,
'काऊन थांबली वं?'

सर्र.